ससूनची दगडी इमारत, अकरा मजले आणि लाइट

सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या घोळक्यात एक निवृत्त बँकवाले आहेत. परवा पुणे स्टेशनकडून येताना ते सहज म्हणाले, "ही ससून हॉस्पिटलची जुनी दगडी इमारत कशाला ठेवलीय अजून? पाडायची आणि वीस मजली टॉवर ठोकायचा. पेशंट तरी मावतील." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात सिग्नल सुटला आणि घोळका पांगला. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते इथे लिहितो. लांबेल, आधीच सांगून ठेवतो.

मी सरकारी नोकरीत विद्युत शाखेचा अभियंता होतो. सरकारी इमारतींचे दिवे, पंखे, लिफ्ट, पंप, जनरेटर हे आमचं काम. त्यातली बरीच वर्षं हॉस्पिटलांत गेली, पण सगळी पुण्याबाहेर. ससूनला कधी नेमणूक मिळाली नाही, त्यामुळे तिथली आतली बातमी माझ्याकडे नाही. एक पुणेकर, एकदा पेशंटचा नातेवाईक, आणि कुठल्याही इमारतीत शिरलं की आधी मीटर रूम कुठे आहे ते बघणारा माणूस, एवढंच माझं भांडवल.

ती इमारत कापसाच्या पैशांच्या दिवसांतली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि मुंबईच्या कापूसवाल्यांची चांदी झाली. बगदादहून येऊन मुंबईत बस्तान बसवलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून हे त्यांतलं बडं नाव. त्यांच्या धंद्यात कापूस होता तशी चीनला जाणारी अफूही होती. आता दानाच्या पैशाचं मूळ शोधायला बसलं तर एकोणिसाव्या शतकातली निम्मी मुंबई पुसून टाकावी लागेल, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. ८ ऑक्टोबर १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी पायाभरणी केली. आराखडा कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, आणि येरवड्याचं डेक्कन कॉलेज, दोन्ही याच माणसाची. १८६७ मध्ये काम पुरं झालं. खर्च ३,१०,०६० रुपये. त्यातले १,८८,००० ससून यांनी दिले, बाकीचे सरकारने घातले. सोय १४४ रोग्यांची.

ससूनशेठ मात्र ७ नोव्हेंबर १८६४ लाच पुण्यात वारले. ना हे हॉस्पिटल पुरं झालेलं पाहिलं, ना लाल देऊळ. त्यांची समाधी लाल देवळाच्या आवारातच आहे.

१८६७ हे साल मला फार गंमतीचं वाटतं. त्याच वर्षी तिकडे लिस्टर या सर्जनने कार्बोलिक आम्ल वापरून जखमा चिघळू न देण्याबद्दल लिहिलं. म्हणजे इकडे विल्किन्ससाहेब नकाशा काढत होते तेव्हा जंतू ही भानगड डॉक्टरांच्या हिशेबात नव्हतीच. कोंडलेल्या, कुजक्या हवेने रोग होतात अशी तेव्हाची ठाम समजूत. म्हणून वॉर्ड लांबट आणि उंच, दोन्ही अंगांना समोरासमोर खिडक्या, बाहेर कमानींचा व्हरांडा, वर उतरतं छप्पर. समजूत चुकीची होती, इमारत मात्र बरोबर निघाली. क्षयाच्या वॉर्डात वारं खेळतं ठेवा असं आजचे डॉक्टरही सांगतातच.

हे मला कळलं १९८९ च्या मे महिन्यात. आईच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि दगडी इमारतीतल्या वॉर्डात ती दाखल होती. तेव्हा दुर्बिणीची ऑपरेशनं आपल्याकडे रुळलेली नव्हती, पोटावर वीतभर छेद घ्यायचे आणि पेशंट बरेच दिवस खाटेवर. मी नोकरीत नवा होतो. दुपारी डबा घेऊन गेलो आणि शहराची लाइट गेली. पंखे गरगरत थांबले. मी सवयीने उठून उभा राहिलो, जणू काही मलाच कुठे तरी पळायचं होतं. वॉर्डात मात्र कुणी हललंसुद्धा नाही. मावशींनी लादी पुसायचा बोळा बादलीत टाकला, कोपऱ्यातली काठी घेतली आणि खिडकीच्या वरच्या झडपा एकेक करून लोटल्या. "लाइटीचं काय घेऊन बसलाय दादा," त्या म्हणाल्या, "वारं हाय की." आणि खरंच होतं. वर तापलेली हवा झडपांतून निघून जात होती, व्हरांड्याकडून गार झुळूक येत होती. मी खिडकीच्या कट्ट्यावर हात आडवा ठेवून पाहिला, पुरा हात मावला आणि वर जागा उरली. एवढ्या जाडीचा काळा दगड दुपारचं ऊन आत पोचवतो तेव्हा रात्र झालेली असते. आईशेजारच्या खाटेवरची दौंडची एक आजी तर लाइट गेल्याचं कळूनही न कळल्यासारखी घोरत होती.

विजेशिवाय चालणारं हॉस्पिटल मी आयुष्यात तेवढं एकच आतून पाहिलं.

त्या इमारतीने पुण्याचा बराच इतिहास अंगावर घेतलाय. प्लेगच्या साली, २२ जून १८९७ च्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. त्याच्या सोबतचा लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला. रँडने मात्र पुढे अकरा दिवस काढले आणि ३ जुलैला तो ससूनमध्येच मेला. आपल्या पुस्तकांत गोळीपर्यंतची गोष्ट रंगवून असते, हॉस्पिटलातले अकरा दिवस कुणी सांगत नाही.

पण विद्युत शाखेच्या माणसाला ससूनची खरी रात्र म्हणजे १२ जानेवारी १९२४.

गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात. १९२२ च्या राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झालेली. पोटात दुखायला लागलं, अपेंडिक्सचं दुखणं निघालं, आणि त्यांना ससूनला आणलं. सर्जन होते कर्नल मॅडॉक. सरकारची केवढी पंचाईत झाली असेल बघा. कैदी आपला, हॉस्पिटल आपलं, सर्जन आपला, आणि टेबलावर काही बरंवाईट झालं तर अख्खा देश अंगावर येणार. मुंबईचे डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांना गाठायची खटपट झाली, पण वेळेत कुणी मिळेना आणि थांबायची सोय नव्हती. मग नेमस्त पुढारी श्रीनिवास शास्त्री आणि पुण्याचे डॉ. फाटक यांना बोलावलं. उपचारांबद्दल तक्रार नाही, ऑपरेशनला संमती आहे, असा मजकूर तयार झाला आणि गांधीजींनी पेन्सिलने सही केली. हात थरथरत होता. तो बघा कसा कापतोय, असं ते स्वतःच मॅडॉकना म्हणाले.

क्लोरोफॉर्म दिला. पोट उघडलं. बाहेर वादळ सुटलं, जानेवारीत, पुण्यात! आणि लाइट गेली. एका नर्सच्या हातात विजेरी होती, तिच्या उजेडात काम पुढे चालू झालं. थोड्या वेळाने विजेरीही विझली. शेवटी कंदील आणला आणि कंदिलाच्या उजेडात ऑपरेशन पुरं केलं. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना मुदतीआधीच सोडून दिलं.

ती खोली स्मारक म्हणून जपलेली आहे. लोक तिथे हात जोडतात. मी गेलो तेव्हा आधी वर छताकडे बघितलं, दिवा नेमका कुठे टांगला असेल म्हणून. माझ्या धंद्याचा सगळा धडा त्या एका रात्रीत आहे. मुख्य पुरवठा, त्याला पर्याय, त्या पर्यायालाही पर्याय. दोन पायऱ्या कोसळल्या, तिसरीने तारलं. आजच्या ऑपरेशन थिएटरमध्येही हीच उतरंड असते, फक्त नावं बदललीत. महावितरणची लाइन, ती गेली तर जनरेटर, आणि जनरेटर भार घेईपर्यंतच्या दहा-पंधरा सेकंदांसाठी यूपीएस.

फरक कुठे आहे ते सांगतो. १९२४ साली लाइट गेली म्हणजे फक्त उजेड गेला. क्लोरोफॉर्म थेंबाथेंबाने हाताने द्यायचा, नाडी बोटाने बघायची, श्वास पेशंट आपला आपण घ्यायचा. कंदील पुरला तो त्यामुळे. आज थिएटरमध्ये लाइट जाते तेव्हा भुलीचं मशिन, मॉनिटर, रक्त थांबवणारी कॉटरी, सक्शन सगळं एकदम जातं. थिएटरची हवा गाळून तासाला किमान वीस वेळा बदलायची असते, तो ब्लोअरही थांबतो. तिथे कंदील आणून काय दिवे लावणार?

मी अशी एक रात्र काढलीय. गावाचं नाव सांगत नाही. मराठवाड्यातलं एक सरकारी हॉस्पिटल, वळवाचा पाऊस, लाइन गेली. जनरेटरने पहिल्याच झटक्याला सुरुवात केली, धडधड साऱ्या आवारात ऐकू येत होती, आणि हॉस्पिटल मात्र काळंकुट्ट. लाइनवरून जनरेटरवर फिरणारा चेंजओव्हर स्विच मधेच अडकला होता. आत एक सिझेरियन चालू होतं आणि वरच्या मजल्यावर एक पेशंट व्हेंटिलेटरवर. व्हेंटिलेटरची बॅटरी वयाने इतकी थकलेली की काही मिनिटांतच ती ओरडायला लागली. तिथल्या डॉक्टरांनी अंबू बॅग जोडून हाताने श्वास द्यायला घेतला, दमले की वॉर्डचे मामा पिशवी दाबत. आमच्या वायरमनने रबरी हातमोजे चढवले, पॅनेलचं दार उघडलं आणि हँडल घालून तो स्विच हाताने फिरवला. खट्ट असा आवाज झाला आणि दिवे आले. बाई सुखरूप, बाळ सुखरूप, वरचा पेशंटही टिकला. नंतर थिएटरच्या इन्चार्ज सिस्टर बाहेर आल्या. चिडलेल्या नव्हत्या, खरोखरच विचारत होत्या: "साहेब, तुमचं मशिन चालू होतं ना? आम्हाला ऐकू येत होतं. मग आम्ही अंधारात का?"

या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर मी त्यांना दिलं. पण सरकारी हॉस्पिटलांचं बांधकाम, विस्तार, पुनर्विकास, काय म्हणाल ते, या सगळ्याला हाच प्रश्न लागू पडतो. मशिन आहे, इमारत आहे, मग आम्ही अंधारात का?

ससूनपुरतं बोलायचं तर १४४ खाटांचं हॉस्पिटल आज १,२९६ मंजूर खाटांचं आहे. बरोबर नऊ पट. मी दोनदा गुणून पाहिलं, खरंच नेमकं नऊ पट. मधल्या काळात डेव्हिड ससून यांचे नातू सर जेकब यांच्या देणगीतून युरोपियनांसाठी वेगळी इमारत झाली. १९४६ मध्ये बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, म्हणजे बैरामजी जीजीभाईंच्या नावाचं. अलीकडे इन्फोसिस फाउंडेशनच्या पैशांतून एक इमारत उभी राहिली. जिथे जागा मिळाली तिथे नवीन काही उभं करायचं, असा दीडशे वर्षांचा क्रम. कुठल्याही जुन्या हॉस्पिटलच्या आवारात हेच असतं. वरून इमारती वेगवेगळ्या दिसतात, जमिनीखाली मात्र पाण्याच्या, ड्रेनेजच्या लाइनी आणि केबली एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. त्यांचा नकाशा कागदावर क्वचितच सापडतो. तो एखाद्या जुन्या वायरमनच्या डोक्यात असतो आणि तो निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा जेसीबी लागला की कळतं, इथे केबल होती.

आणि मग ती अकरा मजली इमारत. तिच्या कामाशी माझा संबंध नव्हता, पेपरात वाचलं तेवढंच मला माहीत. बांधकाम दहा वर्षांहून जास्त चाललं होतं. पुणेकर तिच्याकडे बघून हसायचे. ढाचा उभा, आत काही नाही. मला हसू येत नसे, कारण असं का होतं याचा अंदाज होता. ससूनचं नाही, एकूणच सांगतो.

सरकारी इमारतीचं पहिलं अंदाजपत्रक ढोबळ असतं. क्षेत्रफळ गुणिले दर, झालं बांधकाम. मग विजेचं काम त्यावर टक्केवारीने धरायचं. शाळेला, तहसील कचेरीला ती टक्केवारी पुरते. हॉस्पिटलला कशी पुरणार? तिथे सबस्टेशन पाहिजे, दोन जनरेटर पाहिजेत, स्ट्रेचर आणि खाट आडवी मावेल एवढ्या लिफ्ट पाहिजेत, ऑक्सिजनची पाइपलाइन, थिएटरची वातानुकूलन यंत्रणा, अग्निशमन. प्रत्येकाची निविदा वेगळी, कंत्राटदार वेगळा. ढाचा उभा राहीपर्यंत भाव वाढलेले असतात, मग सुधारित प्रशासकीय मान्यता लागते. ती फाइल पुण्याहून मुंबईला जाते, शेरे लागून परत येते, पुन्हा जाते. तोवर स्थापत्यवाल्यांचं काम संपलेलं, त्यांचा कंत्राटदार बिल घेऊन मोकळा. प्लास्टर झालेल्या भिंती मग आम्ही येऊन फोडायच्या, आणि शिव्याही आम्हीच खायच्या. सिंक बसवल्यावर पाइप कुठून न्यायचा याचा विचार करणाऱ्या घरासारखा हा कारभार, फक्त घर अकरा मजली.

मग २०२० चा मार्च आला. ९ मार्चला राज्यातले पहिले कोरोनाचे पेशंट पुण्यात नायडू हॉस्पिटलला दाखल झाले आणि एप्रिलमध्ये ससूनची ती अकरा मजली इमारत कोविड हॉस्पिटल म्हणून सुरू झाली. वर्षानुवर्षं अडलेलं काम काही आठवड्यांत उरकलं. लोक म्हणाले, बघा, ठरवलं तर होतं. खरं आहे, पण त्यातलं "ठरवलं" म्हणजे काय ते बघायला पाहिजे. मान्यता, पैसा, कामगार, निर्णय घेणारा अधिकारी हे सगळं एकाच वेळी एकाच जागी हजर झालं. एरवी ही चौघं एकमेकांना क्वचितच भेटतात.

कोविडने आणखी एक केलं. ऑक्सिजन म्हणजे काय चीज आहे हे सामान्य माणसाला कळलं. साधा हिशेब सांगतो. मोठ्या जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर वायू मावतो. नाकातल्या नळीने मिनिटाला ३ लिटर घेणाऱ्या पेशंटला तो दीड दिवस जातो. हाय-फ्लो मशिनवर मिनिटाला ६० लिटर लागले तर तोच सिलिंडर दोन तासही पुरत नाही. म्हणून द्रवरूप ऑक्सिजनची टाकी. उणे १८३ अंशांवरचा एक लिटर द्रव, त्याचा वायू झाला की साडेआठशे लिटरच्या वर. टाकी बसवली की प्रश्न सुटला असं वाटतं. मग २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या झाकीर हुसेन हॉस्पिटलात टाकी भरताना गळती झाली, पाइपलाइनचा दाब पडला आणि त्या दिवशी बावीस माणसं गेली. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली होती. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या सिव्हिलमध्ये आयसीयू पेटला, अकरा जण गेले. एका वर्षात तीन. भंडाऱ्याची बातमी आली त्या सकाळी मी निवृत्त होतो, तरी हात आपोआप फोनकडे गेला, जुन्या सहकाऱ्यांना विचारायला, आपलं तिकडे सगळं ठीक आहे ना.

म्हणून टॉवरचं चित्र वर्तमानपत्रात आलं की मी मजले मोजत नाही. वर्षाला देखभालीला किती, हे कुठे लिहिलंय का ते शोधतो. नसतंच. १८६३ सालीही नव्हतं. ससूनशेठांनी एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार दिले ते भिंतींसाठी. कोनशिलेवर नाव कोरता येतं, जनरेटरच्या डिझेलवर कुणाचं कोरणार? त्या काळी ते चालून गेलं, कारण दगडी इमारतीला जगायला झाडू, पाणी आणि खिडकी उघडणारं माणूस पुरत होतं. अकरा मजल्यांना ते पुरत नाही. लिफ्टचा वार्षिक करार एक महिना चुकला तरी सातव्या मजल्यावरून पेशंट खाली कसा आणायचा?

माणसांचंही तसंच. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे दर पाळीला एक नर्स धरायची असा दंडक आहे. तीन पाळ्या, त्यावर साप्ताहिक सुट्ट्या, रजा, बाळंतपणं धरली की एका खाटेमागे चार. वीस खाटांचा आयसीयू म्हणजे ऐंशीच्या आसपास नर्स. ही पदं इमारतीच्या अंदाजपत्रकात नसतात. त्यांचा आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, वेगळा, त्याची फाइल वेगळी, तिचं टेबल वेगळं. फीत कापली जाते त्या दिवशी ती फाइल कुठे आहे हे विचारणारा पत्रकार मला अजून भेटायचाय.

बँकवाल्या मित्राला माझं उत्तर असं: दगडी इमारत पाडू नका, पण तिच्याकडून टॉवरचं कामही करून घेऊ नका. तिच्यात थिएटर, आयसीयू कोंबायचे म्हणजे तिच्या भिंतींना छळणं आहे. काळ्या दगडात खाचा पाडून वायरिंग दडवता येत नाही, वरूनच पट्ट्या मारून न्यावं लागतं. दर दहा वर्षांनी नवा थर, जुना कुणी काढत नाही, आणि कुठली वायर जिवंत हे देवाला माहीत. चुन्याच्या सांध्यांवर सिमेंट फासलं की भिंतीतली ओल आतच कोंडते आणि पावसाळ्यात पोपडे धरतात, हेही बऱ्याच जुन्या सरकारी इमारतींत पाहिलंय. तिला चुन्यानेच दुरुस्त करावं, तीस-चाळीस वर्षांच्या मेलेल्या वायरी उपसून काढाव्यात, आणि ज्यांना फक्त खाट, हवा आणि सिस्टरची नजर पाहिजे अशा बऱ्या होत आलेल्या पेशंटांना तिथे ठेवावं. असे पेशंट कुठल्याही सरकारी हॉस्पिटलात पुष्कळ असतात. वीसच्या वीस मजले त्यांच्यासाठी वातानुकूलित करून बिल कोण भरणार?

नवं बांधायला माझा विरोध नाही. नऊ पट पेशंट विल्किन्सच्या व्हरांड्यात राहू शकत नाहीत. आई तिथे होती तेव्हाही दोन खाटांच्या मधे जमिनीवर गाद्या होत्याच. बांधा, पण विजेचा माणूस पहिल्या बैठकीला बोलवा, प्लास्टर झाल्यावर नको.

हे लिहीत असतानाच एका पोराचा फोन आला. माझ्या हाताखाली शिकाऊ म्हणून होता, आता उपअभियंता आहे. एका तालुक्याच्या हॉस्पिटलचं नवीन काम त्याच्याकडे आलंय. व्हॉट्सअॅपवर नकाशाचा फोटो पाठवला होता, म्हणाला, "सर, जरा नजर टाका ना."

मी चष्मा लावून पाहिलं. सबस्टेशन आणि जनरेटर, दोन्ही तळघरात.

"अरे, शेजारी ओढा दाखवलाय तू नकाशात."

"हो सर. पण वर जागा नाही. वर पार्किंग दिलंय आर्किटेक्टने."

"मग पार्किंग खाली घाल."

"सर, मी सांगितलं. तो म्हणतो पावसात पाणी आलं तर गाड्या भिजतील."

"गाड्यांचा विमा असतो म्हणावं. लेखी दे त्याला."

"देतो सर," तो म्हणाला. थोडं थांबून विचारलं, "मराठीत देऊ का इंग्रजीत?"

"दोन्हीत दे," मी म्हटलं, "आणि प्रत ठेव."